मालक : आवश्यक

सोमवार, ३ मार्च २००३
पुण्यात नोकरी लागली. अकोल्याला फोन केला. आई म्हणाली, ______, वेळेवर जेवत जा. ऑफिस कर्वेनगरात, एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये; पाटीवर मात्र ‘इंटरनॅशनल’. कंपन्यांचे जुने कॉम्प्युटर इथे येतात. फाइल नुसती डिलीट केली तर परत काढता येते, म्हणून आमचं सॉफ्टवेअर तिच्यावर शून्यं लिहितं. रोज एक फेरी, अशा सात. मग ती ब्रह्मदेवालाही सापडत नाही.

शिकवायला बाळ बर्वे आहेत. चेहरा असा, की जणू मी त्यांच्या दुपारच्या झोपेत बेल वाजवली. सॉफ्टवेअर सुरू करताना पडद्यावरची ‘मालक’ ही चौकट रिकामी सोडता येत नाही. हे गृहस्थ पेपरातल्या निधनवार्तांमधून एक नाव उचलून तिथे भरतात. हयात माणसाचं नाव घालायचं नाही, असं बजावलं. कारण विचारलं तर म्हणाले, कारणं सांगणं पगारात धरलेलं नाही.

मंगळवार, ४ मार्च
बर्वे आठवडाभर रजेवर. सकाळी सकाळी मेलेल्यांची यादी चाळणं हा पेन्शनरांचा विरंगुळा, माझा नव्हे. चौकटीत सरळ माझंच नाव टाकलं आणि चहाला गेलो. जग बुडालं नाही.

बुधवार, ५ मार्च
हजेरीपटावर कालची माझी सही नाही. ऑफिसातल्या नीरजाबाई म्हणाल्या, शाई उडाली असेल. या गावात शाईसुद्धा हात राखून.

शुक्रवार, ७ मार्च
मेसच्या श्यामलाताईंनी विचारलं, आपण नवीन का. चार दिवस त्यांची पाणचट आमटी गिळतोय. आयकार्ड दाखवायला काढलं. फोटो आहे. खाली नाव नाही.

शनिवार, ८ मार्च
आईला फोन केला. राँग नंबर म्हणाली. पुन्हा केला. म्हणाली, आम्हाला मूलबाळ नाही, तुम्ही कोण. सांगायला तोंड उघडलं आणि— आठवेना. मला भीती वाटतेय. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटतेय.

रविवार, ९ मार्च
मशीनचा प्लग काढला. पडदा चालूच. सहावी फेरी—

सोमवार, १० मार्च
बर्वे आले. मला ओळखलं नाही. तरी सगळं ऐकून घेतलं, सेल्समनचं ऐकावं तसं. म्हणाले, सातवी फेरी संपेपर्यंत मालक बदलता येतो. आजच्या पेपरातलं नाव घालू. फक्त आधी जुनं नाव टाइप करावं लागतं.

ज्याला हसलो तोच एकटा मदतीला— चष्मा लावून बसलाय— नाव विचारतोय—

या वहीत आहे. पहिल्याच पानावर, आईच्या तोंडी. हे पान— आई म्हणाली— पुढे पांढरं— वेळेवर जेवत जा—

दोन टक्के राहिलेत. बर्वे पुन्हा विचारतात, शांतपणे, अहो, आपण