ताईचं बी-बारा

३ जून

चि. ठमीस,
अनेक उ. आ.

बस चालवणाऱ्या बाईला पत्र वाचायला फुरसत मिळते की नाही कोण जाणे, पण थोरल्या बहिणीनं लिहायचं सोडू नये. माझ्या दुखण्याचं नाव अखेर कळलं. वर्षभर खांदे ठणकतायत, तळपायांची आग होतेय, कापड बेतायला उभी राहिले की कात्रीसुद्धा जड लागते, आणि मी आपली वयाच्या माथी खापर फोडत होते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर बी-बारा जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. आता दिवसाआड इंजेक्शन. गुण आला तर बरं, नाहीतर शिवणाचं दुकान बंद करणार. कापायच्या टेबलाला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय.

तुझे भावोजी मला धीर द्यायला आले आणि सुई बघून तेच आडवे झाले. नर्सनं आधी त्यांना पाणी पाजलं, मग मला टोचलं.

पोरांना पापे, तुला एक धपाटा.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींचा पराक्रम वाचून डेपोत एकटीच हसत सुटले. मलाही हल्ली दमायला होतं, म्हणून आमच्या डॉक्टरांकडे तेच इंजेक्शन मागितलं. त्यांनी रक्त तपासलं आणि सरळ नाही म्हणाले. ज्याच्यात कमी त्यालाच द्यायचं, तुमच्यात कमी आहे ती झोप, असं वर ऐकवलं. तेव्हा तुला खरी गरज आहे तर सगळी घे. आणि टेबल विकायचं नाव काढू नकोस. दुकान गेलं तर तू घरात भावोजींनाच मापानं कापशील.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी ठमी

१९ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

इंजेक्शनं पाण्यात गेली. परवा सकाळी इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आता उरकून टाकू. शाळेचे सगळे पडदे एका दमात बेतले, शिवले, वर माळाही झाडला. तेव्हापासून अंथरुणात आहे, कूस बदलवत नाही. आता दवाखाना पुरे. टेबल न्यायला रविवारी माणूस येतोय. रडू आलं गं.

तुझी ताई

२० जून

ताई,

नमस्कार नंतर. हे पत्र तुमच्या गावच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय, कारण टपाल पोचेपर्यंत तू टेबल देऊन बसशील. इंजेक्शनं नाही, तुझी अक्कल पाण्यात गेली. अंगात चिमूटभर जोर आला की डोंगर उचलायला निघायचं, हे आपल्या घराचं खानदानी वेड. आईही पडेपर्यंत "मी बरी आहे" म्हणत राहिली. आपल्यात "दमले" म्हणणं म्हणजे जणू चोरी. त्या माणसाला परत पाठव आणि डॉक्टरीणबाईंना पडद्यांचं खरं सांग. मला तू हवी आहेस, पडदे नकोत.

रागावलेली,
ठमी

२८ जुलै

चि. ठमीस,
अनेकानेक आशीर्वाद.

टेबल जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यांची कथा ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, इंजेक्शन कमतरता भरून काढेल, पण नसा सावरायला महिने लागतात. थोडं दुखणं कदाचित राहीलही, आणि विश्रांती हासुद्धा औषधाचाच भाग. आता इंजेक्शन महिन्यातून एकदा. तुझे भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, पण उभे राहतात. पायांची आग थांबली. उंच स्टुलावर बसून कापते, दुकान दुपारपर्यंतच.

काल दुकान बंद करताना गिरणीवाल्या बाई झगा दुरुस्तीला घेऊन आल्या, आजच हवा म्हणून हटून बसल्या. तोंडातून "देते की" निघणारच होतं. पण मी म्हटलं, "आज नाही जमणार, मी दमलेय." तुझे भावोजी कुलूप हातात धरून बघतच राहिले.

बाई म्हणाल्या, "बरं, मग गुरुवारी येते," आणि गेल्या. एवढंच, ठमे! इतकं सोपं होतं, आणि आईला कुणी सांगितलंच नाही. घरी येऊन गाढ झोपले, आणि आज सकाळी गात गात दुकान उघडलं.

माया अशीच राहू दे, रागासकट.
तुझी ताई