माउसमधले सेल

मिथुन,

मी मालाडला ताईकडे चाललेय. फ्रिजमध्ये बांगड्याचं तिखलं आहे, गरम करून घे. भात तूच लाव, आईंना गॅसजवळ जाऊ देऊ नकोस.

गणपतीच्या आधी टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले, तेव्हा मी तुझ्या वायरलेस माउसमधले काढून त्यात टाकले होते. म्हटलं, सकाळी काम अडलं की बोंब मारशील. तू चकार शब्द काढला नाहीस. नेहमीसारखं दार लावून बसलास आणि आतून माउसची टकटक चालूच! मेलेल्या माउसवर कोण काम करतं रे? तुझ्या ऑफिसात फोन केला, तर नोकरी कधीच गेलेली.

तेव्हापासून रोज जेवताना मी मुद्दाम विचारते, ‘मीटिंग कशी झाली?’ आणि तू रंगवून सांगतोस. मजा येते यार. काल तर प्रमोशनवर पोचलास.

सेल रिमोटमध्येच राहू देत, आईंची मालिका असते. आणि उद्याही दार लावून टकटक करत बस. आवाज आला नाही, तर आई फोन करून मला विचारतील. मला तुझ्यासारखं खोटं बोलता येत नाही.

प्रियंका