शिवणखोलीच्या दारावरची पाटी

प्रिय अक्का,

आज तुझ्या खोलीच्या दारावर नवी पाटी लागली. कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत, खाली इंग्रजीत: 'समुपदेशन'. सुतार खिळे ठोकत होता आणि मुली टाळ्या वाजवत होत्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लग्न लागलंय काय गं इथं?" तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून घरी येऊन चप्पल काढली आणि लिहायला बसले.

यशवंतपूरच्या त्या कॉलेजात तू मुलींची समुपदेशक, पण दारावर वर्षानुवर्षं 'शिवण' एवढंच. जिच्यावर जबरदस्ती झाली, जिला मित्रानं मारलं, ती समुपदेशकाकडे जाताना दिसली की वसतिगृहात कुजबुज सुरू! म्हणून तू चिकपेटेच्या बाजारातून जुनं शिवणाचं मशीन आणलंस. उसवलेला कुर्ता घेऊन कुणीही यावं. तू टाके घालत ऐकायचीस. "काय झालं?" असं आपणहून कधी विचारलं नाहीस.

आणि मी काय केलं? तुझं कौतुक! मी लिहायचे त्या साप्ताहिकाला संध्याकाळपर्यंत मजकूर हवा होता, म्हणून तुझ्या खोलीवर लेख लिहिला. मुलींची नावं बदलली, कॉलेजचं नाव गाळलं आणि स्वतःवर खूश झाले. मशीन मात्र लेखात तसंच राहिलं. उसवलेले कुर्तेही. लेख वसतिगृहातल्या मोबाइलांवर फिरला, उसवलेल्या कुर्त्याचा अर्थ सगळ्यांना कळला आणि दुसऱ्या दिवसापासून तुझ्याकडे कुणी येईना.

तीन आठवडे तू रिकाम्या खोलीत बसलीस. मी जे. पी. नगरच्या घरून माफी मागायला आले, तर म्हणालीस, "सुमे, कौतुक केलंस, सरी, ठीक आहे. त्या पोरींना विचारलंस काय?" ओरडली असतीस तर बरं झालं असतं गं!

मग नागपूरची ती मुलगी आली, दुसऱ्या वर्षातली. भर मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या समोरून, रिकाम्या हातांनी. "अक्का, आज शिवायला काही आणलं नाही. बोलायला आले."

हे तू मला कधीच सांगितलं नाहीस! तू गेल्यावर तिनंच सांगितलं. तिची गोष्ट तुला सांगता येत नव्हती, कळतं. पण त्या लेखापायी इतकी वर्षं मी खाली मान घालून तुझ्याकडे जेवले, त्याचं काय?

तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या. कॉलेजच्या समितीकडे तक्रार करायची की नाही, हे तू नागपूरच्या त्या मुलीवरच सोडलंस. तिनं केली. समितीपुढे ती स्वतः बोलली, तू फक्त शेजारी बसलीस. निकाल तिच्या बाजूनं लागला. तरी ती म्हणते, "मी जिंकले ते मधल्या सुट्टीतच."

समुपदेशन शिकून तीच आता तुझ्या खुर्चीत बसते, अक्का. पाटीचा हट्ट तिचाच. प्राचार्यांनी विचारलं, "मग मुली येतील का?" ती म्हणाली, "मी आले होते ना, सर!"

मशीन मात्र हलवलेलं नाही. बोलताना काहींना हाताला काम लागतं. शनिवारी मी शिवायला जाते. टीप वाकडी येते, मुली हसतात. हसू देत!

तुला एक वचन देते. यापुढे कुणाचीही गोष्ट, जिची आहे तिला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. हे पत्रही नागपूरच्या पोरीला फोनवर वाचून दाखवलं. 'नागपूर' राहू द्या म्हणाली, पण एक वाक्य काढायला लावलं. चांगलं वाक्य होतं गं. काढलं.

कुठलं, ते तुलाही सांगणार नाही.

तुझी धाकटी,
सुमी