मॅट्रिक : तीन वेळा

१ जून १९३६, अमरावती
बी. ए. झालो. थर्ड क्लास, पण बी. ए. आजपासून रोज एक अर्ज. जुलैअखेर नोकरी. फुलांच्या दुकानावर बाबांना तसं सांगूनही टाकलं.

८ जून
अर्ज झाला एक. ऊन फार.
माझं अक्षर माझं मलाच लागत नाही, म्हणून फेअर कॉपी शालूकडून. धाकटी बहीण, नवरा वारल्यापासून माहेरीच. सातवी फायनल पहिल्या वर्गात पास. नॉर्मल स्कूलला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं तिला. पण त्याच साली मी मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसलो, दुकानावर हार ओवायला माणूस पाहिजे, म्हणून ती राहिली. वाईट वाटतं. नोकरी लागली की तिला पुस्तकं आणीन.

१९ जून, अकोला
कचेरीच्या फॉर्मात रकाना : मॅट्रिक कितव्या खेपेला? मी लिहिलं, ‘तीन वेळा’. म्हटलं, अनुभव दिसेल. हेडक्लार्क खुशालरावांनी विचारलं, तीन वेळा पास झाले का तीन वेळा बसले? बसलो, म्हटलं. ते म्हणाले, मंग आताही बसा, बाहेर. चार वाजेपर्यंत बसलो.

२७ जून
दोष खुशालरावांचा. नवा निश्चय : मॅट्रिकचं नावच काढायचं नाही. अकोटच्या एका शाळेत मास्तराची जागा आहे. शालूनं अर्ज लिहून दिला. दादा, मॅट्रिक काहून लपवून राहिला, म्हणे. सांगितलं, लपवत नाही, कागद पुरला नाही.

९ जुलै, अकोट
मुलाखत. हेडमास्तर शेषराव अर्जातल्या अक्षरावर खूश. म्हणाले, फळ्यावर दोन ओळी लिहा. लिहिल्या. शेवटी अक्षर कोणाचं ते सांगावं लागलं. बहिणीचं शिक्षण विचारलं. पहिला वर्ग, हे सांगताना मान वर होईना.

१६ जुलै, अमरावती
अकोटहून पाकीट. नाव शालूचं. पोस्टाची चूक असेल म्हणून उघडलं. मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी, पंचवीस तारखेला हजर व्हा.
तिचं आज डोकं दुखून राहिलं होतं. उद्या देतो.

१९ जुलै
दिलं नाही. परगावी बाईमाणूस एकटी कशी राहणार? भावाला काळजी असतेच.
काळजी नाही. वरचं खोटं लिहिलं.

२३ जुलै, सकाळी
घास उतरत नाही. शालू म्हणाली, जीव बरा नाही का तुह्या? आणि माझा नवा अर्ज लिहायला बसली. मला पाहवेना. कोटातलं पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं पत्र वाचलं, मग पाकिटावरचा शिक्का वाचला. सात दिवस, म्हणाली. एवढंच. मी शिव्या खायला तयार होतो.

२५ जुलै, अकोट
पहिल्या मोटारीनं वेळेत पोचलो. शालू रुजू झाली.
शाळेचा नियम : मास्तरीणबाईंसोबत घरचा पुरुष राहिला पाहिजे. बाबांना दुकान आहे. मी रिकामा. फॉर्मात ‘सोबत कोण’ यापुढे शालूनं लिहिलं, थोरला भाऊ. पुढचा रकाना, त्याचा धंदा. मी हळूच म्हटलं, बी. ए. लिही. ती म्हणाली, दादा, तो काही धंदा नव्हे. जरा थांबली आणि लिहिलं : स्वयंपाक.
संध्याकाळी वरण करपलं. शालूनं तेच खाल्लं.