दुकान, लहान फटफटी आणि ब्रेकची वायर

मी, या कागदाखाली सही करणारी, वय एकाहत्तर, तेवीस वर्षे नोंदणी कचेरीत दस्त तपासून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्याचे आहे हेही सांगितले. तेवढ्यावर दाखला मिळाला.

वकील केलेला नाही. मागच्या वेळी केला होता आणि त्याचे काय झाले ते पुढच्याच कलमात आहे.

कलम १. मिस्त्री, म्हणजे माझे पती, वारल्यावर एका महिन्याने थोरल्या मुलाने वकील घरी आणला आणि मी एका मृत्युपत्रावर सही केली. त्यात सर्व मिळकत थोरल्याला दिली आहे आणि धाकट्या मुलीला ‘वडिलांच्या मृत्यूस तिची गाडी कारण झाल्यामुळे’ काहीही दिलेले नाही. ते मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यातले कारण खोटे आहे. ते खोटे असल्याचे सही करताना मला माहीत होते. खरे कारण कलम सातमध्ये आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी थेट तिथे जावे. थोरल्याला घाई असतेच.

कलम २. मिस्त्रींच्या फटफटी-दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि बाहेरून वर जाणारा जिना थोरल्याला मिळावा. त्याची मोटार आमच्या गल्लीत शिरत नाही. ती तो मोठ्या रस्त्यावर उभी करतो आणि दहा मिनिटे चालत येतो, तेही आठवड्यातून एकदा आणि धापा टाकत. त्याच्या घरापासून इथवर मला लहान फटफटीवर पंधरा मिनिटे लागतात. त्याला पाऊण तास लागतो आणि तो ते अभिमानाने सांगतो. पाच माणसांच्या गाडीत एकटा बसून सिग्नलला ताटकळणाऱ्या माणसाला लोक यशस्वी म्हणतात. हे मला आजवर कोणी नीट समजावून दिलेले नाही.

कलम ३. बँकेतील शिल्लक दोघांत निम्मी निम्मी. आकडा लिहीत नाही, नाहीतर लोक पुढचे वाचणार नाहीत.

कलम ४. माझी स्वतःची पन्नास सीसीची लहान फटफटी थोरल्याच्या मुलीला द्यावी. ती आता नोकरी करते, सज्ञान आहे, आणि बसच्या रांगेत उभी राहून मला फोन करते. अट एकच, गाडी तिने स्वतः किक मारून सुरू करावी. तिचे वडील म्हणतील की असली गाडी रस्त्यावर दिसतसुद्धा नाही. या गाडीवरून मी तेवीस वर्षे कचेरीत गेले. मोठ्या गाडीवाल्यांना मी दिसत नव्हते हे खरे आहे. मला मात्र ते सगळे एका जागी उभे असलेले रोज दिसत.

कलम ५. हत्यारांबाबत. धाकट्या दिरांना दहा-अकराचा पाना द्यावा. तो त्यांच्याकडेच आहे. मिस्त्री असताना ‘जरा देतो रे परत’ म्हणून त्यांनी नेला, त्याला सतरा वर्षे झाली. आता तो कायदेशीररीत्या त्यांचा झाला, त्यांनी निर्धास्त झोपावे. पायपंप समोरच्या निवृत्त इंजिनियरांना द्यावा. ते रोज सकाळी त्यांची घडी घालायची सायकल घेऊन येतात, फुकट हवा भरतात, आणि चाकाचा व्यास लहान असल्याचे फायदे मला समजावतात. त्यांच्या हेल्मेटला पुढे एक आणि मागे एक असे दोन दिवे आहेत. सायकलची घडी घालून ते ती लिफ्टमधून नेतात आणि मग त्यांची कंबर धरते. सायकलची घडी होते, माणसाची होत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगावे. बाकी सर्व हत्यारे दुकानाबरोबर जातील.

कलम ६. हे कलम मिळकतीचे नाही, पण याशिवाय पुढची दोन समजणार नाहीत.

मिस्त्रींच्या दुकानात एक नियम होता. ज्याने गाडी दुरुस्त केली त्याने ती तपासायची नाही. दुसऱ्याने तपासायची. मिस्त्री म्हणत, ‘ज्या हातानं नट आवळला तो हात खोटं बोलतो. त्याला सगळं घट्टच लागतं.’ दुकानात माणसे दोनच, त्यामुळे दुसरे माणूस मी. कचेरीतून साडेपाचला आले की पर्स खुंटीला लावायची आणि दिवसभरात झालेली प्रत्येक गाडी चालवून बघायची. आधी दुकानापुढच्या बोळात दहा पावले आणि ब्रेक. मगच रस्ता, उतार, चौक आणि परत. गिऱ्हाइके बाकावर बसून माझी वाट बघत.

‘मिस्त्री, गाडी झालीय ना?’

‘झालीय.’

‘मग द्या की.’

‘बाईंनी चालवली नाही अजून.’

‘अहो, बाई ऑफिसात आहेत.’

‘मग बसा.’

एका पोलिसालाही असेच बसवले होते. नातेवाईक या गोष्टीला हसत. थोरल्या जावेने माझ्यादेखत म्हटले होते, ‘घरात तोंडातून शब्द निघत नाही आणि रस्त्यावर फटफटी उडवते.’ ते बरोबर होते. मला बोलायला येत नाही. गाडी काय सांगते ते मात्र मला ऐकू येत असे. क्लच घसरतोय, साखळी सैल आहे, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे, सगळे कानाने. या एका गोष्टीचा मला गर्व होता आणि तो मी कोणाला दाखवत नसे.

कलम ७. धाकटीने वीज कंपनीतली चांगली नोकरी सोडली आणि विजेच्या सायकली, एका पायाने ढकलायच्या स्कूटरी आणि सामान वाहायच्या तीनचाकी भाड्याने द्यायचा व्यवसाय काढला. थोरल्याने तिचे नाव ‘खेळणीवाली’ ठेवले. मी त्याला अडवले नाही, कारण मलाही तेच वाटत होते. त्या स्कूटरींवर माणसे इस्त्रीच्या टेबलासारखी ताठ उभी राहून जातात. विजेच्या सायकलवर बसणारा पायडल मारल्याचे नाटक करतो आणि मोटर सगळे काम करते. मी तिला एकदाच म्हटले होते, ‘या गाड्यांना आवाज नाही. म्हणजे त्यांना सांगण्यासारखं काही नाही.’ ती म्हणाली, ‘आई, तुलाही कुठे आहे?’ आणि हसली. मला ते लागले.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ती विजेची एक गाडी दुकानात सोडून गेली. अॅक्सिलरेटर पिळला की पळणारी, जाड चाकांची. ब्रेकची दांडी मोडली होती. ‘बाबा, संध्याकाळी नेते,’ म्हणाली आणि गेली. हे सांगते कारण पुढे जे झाले तेव्हा ती तिथे नव्हती.

मिस्त्रींनी दांडी बदलली. दांडीतून एक बारीक वायर निघत होती. आमच्या फटफट्यांना अशी वायर असते ती मागच्या लाल दिव्याची. दिवा काय, नंतर जोडू, म्हणून त्यांनी ती हँडलखाली गुंडाळून ठेवली. विजेच्या गाडीत ती वायर मोटरची असते. ब्रेक दाबला की मोटर बंद हो, एवढे सांगायचे तिचे काम. चाळीस वर्षे पेट्रोलच्या गाड्या केलेल्या माणसाला हे कळायला मार्ग नव्हता. धाकटीच्या कामगारांना कळले असते, पण ती वडिलांचा मान राखायला म्हणून गाडी इथे घेऊन आली होती.

मिस्त्री मला म्हणाले, ‘जरा एक चक्कर मारून ये.’

मी निवृत्त झाले होते, घरीच होते, हातात काही काम नव्हते. मी म्हटले, ‘त्या टेबलफॅनवर मी बसणार नाही.’

‘अगं, तुझ्याच लेकीची गाडी आहे.’

‘आवाज नाही तिला. मी काय तपासू? हौस असेल तर तुम्हीच जा.’

मग चिंधीला हात पुसून तेच गेले. बोळातली दहा पावले त्यांनी घेतली नाहीत. ती माझी पद्धत होती, त्यांना कधी तपासावे लागलेच नव्हते. आमच्या लहान फटफट्या थांबताना बंद पडतात, म्हणून ब्रेक दाबतानाही अॅक्सिलरेटर किंचित पिळून ठेवायची त्यांच्या हाताची सवय होती. उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि सवयीने पिळूनही ठेवला. मोटर पुढे ढकलतच राहिली. चौकात कचऱ्याची गाडी उभी होती. दोन दिवस दवाखान्यात होते, बोलले नाहीत.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर, सगळ्या नातेवाइकांपुढे, थोरला धाकटीला म्हणाला, ‘तुझ्या खेळण्यानं बाबांना मारलं.’ ती माझ्याकडे बघत होती. मी काही बोलले नाही. लोकांनी नंतर माझ्या संयमाचे कौतुक केले. ते कौतुकही मी घेतले. मग वकील आला आणि मी सही केली. मी नुसते बसून राहण्याच्या, गप्प राहण्याच्या आणि दुसऱ्यांना तुच्छ लेखण्याच्या जोरावर सगळीकडून सहानुभूती मिळवली. धाकटीला गेली तीन वर्षे या घरात कोणी पाणीही विचारलेले नाही.

तरी लिहून ठेवते. गाडी तिने आणली. वायर मिस्त्रींनी राहू दिली. तपासायची मी होते आणि मी नाही म्हटले. दस्त तपासणाऱ्या बाईला यातला जबाबदार इसम कोण हे सांगायला वकील लागत नाही.

कलम ८. दुकान, त्यातील हत्यारे, बाक, खुंटी आणि तीन वर्षे चादरीखाली उभी असलेली ती गाडी, हे सर्व माझ्या मृत्यूनंतर धाकट्या मुलीला संपूर्ण मालकी हक्काने मिळावे. थोरल्याचा बेत दुकान पाडून तिथे मोटार उभी करायचा आहे हे मला माहीत आहे. मोटार गल्लीत शिरत नाही हे त्याच्या अजून लक्षात आलेले नाही. धाकटीने तिथे पेट्रोलची, विजेची, ढकलायची, हवी ती गाडी ठेवावी. इस्त्रीची टेबलेही ठेवावीत. अट एवढीच की जिने दुरुस्त केली तिने तपासायची नाही. दुसऱ्या माणसाने चालवल्याशिवाय एकही गाडी बाहेर जाऊ नये.

कलम ९. माझ्यामागे मोटारींची रांग नको. यायचे त्यांनी चालत किंवा दोन चाकांवर यावे. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी येऊ नये. भाषण करू नये. माझ्या अबोलपणाबद्दल तर मुळीच नको.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारच्या दुकानातल्या शिंप्याने करावी. तो मोजून कापतो.

खाडाखोडीची नोंद. सह्या करण्यापूर्वी दस्त सर्वांसमोर वाचून दाखवायचा ही आमच्या कचेरीची रीत होती. म्हणून आज दोन्ही मुलांना दुकानात बोलावले आणि शिंप्याला वाचायला सांगितले. हे मेल्यावर कळवणे सोयीचे झाले असते, आणि सोयीचे वागून माझे पुष्कळ झाले आहे.

कलम एकलाच थोरला म्हणाला, ‘आई, वकिलांना विचारलंस का?’ शिंप्याने वाचणे थांबवले नाही. कलम सात संपले तेव्हा थोरला खाली बघत होता. धाकटी उठली, तिने गाडीवरची चादर काढली आणि हँडलखाली हात घालून ती वायर बाहेर ओढली.

‘बाबांना ही दिव्याची वाटली?’

‘हो.’

‘दिव्याची काय, मोटरची काय, वायरचा रंग सारखाच असतो. मी सांगायला हवं होतं.’

‘मी बसायला हवं होतं.’

तिने यावर ‘जाऊ दे’ म्हटले नाही. बरे केले. मग कलम आठ वाचून झाले आणि ती म्हणाली, ‘मला दुकान तू गेल्यावर नको.’

थोरला म्हणाला, ‘बघ. तिलाच नकोय.’

‘दादा, वाक्य पुरं होऊ दे. मला सोमवारपासून हवंय. अट आईनंच घातलीय. दुसरं माणूस मी कुठून आणू?’

मी म्हटले, ‘माझं वय एकाहत्तर आहे.’

‘ते गाडीला कुठे माहीत आहे?’

‘आणि आवाज नाही त्यांना. मला ऐकू काय येणार?’

‘मग शिकावं लागेल,’ ती म्हणाली. ‘तीन वर्षं मलाही या घरातून काही ऐकू येत नव्हतं.’

यावर मला काही बोलता आले नाही, आणि या वेळी त्याचे कोणी कौतुक केले नाही.

तरी कलम आठमधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे दोन शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत आणि समासात सही केली आहे. साक्षीदारांच्याही सह्या तिथे आहेत. असे केल्याने त्या कलमापुरता हा कागद मृत्युपत्र राहत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी वेगळे बक्षीसपत्र करून नोंदवीन. सोमवारी सकाळी मात्र जमणार नाही. तिच्या दोन गाड्या तपासायच्या आहेत.

ठिकाण: दुकान, बाकावर बसून
दिनांक: सतरा नोव्हेंबर, रविवार

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार: आम्हां दोघांसमक्ष लिहून ठेवणारीने सही केली आणि तिच्यासमक्ष आम्ही केली.
१. कोपऱ्यावरचे डॉक्टर (सही)
२. समोरचे निवृत्त इंजिनियर (सही, कलम ५ मधील सायकलीविषयीचा मजकूर मान्य नाही, पंप मान्य आहे. पंप साक्षीदाराला मिळत नाही असे बाईंनी सही झाल्यावर सांगितले.)