तिसऱ्या मजल्यावर मी राहते

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. गाडीने वाटेत एकदाही दगा दिला नाही. नवरा गेल्यावर ही पिकअप विकून टाक म्हणून सगळे मागे लागले होते. बरं झालं ऐकलं नाही. त्याने तिच्यातून जन्मभर भाजी वाहिली, आता ती मला वाहतेय. मागच्या हौद्यावर ताडपत्रीचं छप्पर, खाली फोमची गादी, बाजूला कपड्यांची पेटी, छोटा गॅस आणि दोन पातेली. हौद्याचा मागचा फाळका खाली पाडला की ओटा तयार. स्वयंपाकघर आहे, झोपायची खोली आहे, फक्त मधली भिंत नाही.

काम पडद्यांच्या कारखान्यात. मालकीणबाई मोकळ्या स्वभावाच्या वाटल्या. कापड कापणारे गृहस्थ गळ्यात सतत टेप घालून हिंडतात, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. मला खिडकीजवळचं मशीन मिळालंय. खोली सापडेपर्यंत गाडीतच राहीन. थोड्या दिवसांचा तर प्रश्न.

गाडी जलतरण तलावाच्या मागच्या आवारात लावलीय. या उंचावरच्या गावात थंडी लवकर येते म्हणून तलाव बंद आहे, पण बाहेरच्या नळांना पाणी असतं. आवारभर मोठी झाडं. पानं पिवळी पडून सारखी गळताहेत. टपावर पडतात तेव्हा कोणी बोटांनी ताल धरल्यासारखं वाटतं. मजा वाटली.

९ ऑक्टोबर

बस्तान बसलं. सकाळी कोणी यायच्या आत नळावर सगळं उरकते. पाणी असं गार की तोंडातून शिवीच निघते. धुतलेले कपडे ताडपत्रीच्या आत दोरीवर वाळतात, म्हणजे वाळत नाहीत. काचांना आतून दव धरतं. तो माझाच श्वास. कामावर जाताना लांबचा वळसा घालते, आवारातून बाहेर पडताना कोणी बघायला नको. रस्त्यावर आले की मान वर. एखाद्या घरातून निघाल्यासारखी.

आज लेकीचा फोन आला. वसतिगृहात असते, शेवटचं वर्ष आहे. तिने विचारलं, खोली कशी आहे. मी मांडीवर पातेलं घेऊन गाडीत बसले होते. समोर रस्त्यापलीकडे एक इमारत आहे, तिची तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली जागा रिकामी आहे, काचांवर धूळ. तोंडातून निघून गेलं, तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातली, भरपूर उजेड. मग थांबताच येईना. गोल टेबल आहे म्हटलं. त्यावर लोंबता दिवा. हळदी रंगाचे पडदे, मीच शिवलेले. पोर इतकी खूश झाली. सुट्टीत येते म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा कान तापले होते. भात तसाच गार झाला.

१४ ऑक्टोबर

कोपऱ्यातल्या त्या खिडकीला आज पडदे लागलेत. हळदी रंगाचे.

हसू आलं मला. कोणीतरी राहायला आलं असणार, आणि पडदे आमच्याच कारखान्यातले असणार. दुपारी सहज विषय काढला. मालकीणबाई म्हणाल्या, हा रंग आपण यंदा केलेलाच नाही.

१८ ऑक्टोबर

चहाच्या वेळी डॉक्टर म्हणाले, सकाळी तुम्हाला तलावासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खिडकीत पाहिलं, हात केला, तर तुम्ही नुसत्या बघतच राहिलात.

त्या वेळी मी तलावाच्या नळाखाली वाकून केस धूत होते.

ती मी नव्हे, असं सांगता आलं असतं. पण मग तुम्ही राहता कुठे, हा पुढचा प्रश्न आला असता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हो, मीच ती, झोपेत होते. सगळे हसले. एवढ्या जवळ राहता म्हटल्यावर आता उशिराला निमित्त नाही, म्हणाल्या मालकीणबाई. मीही हसले. मशीनवर बसले तेव्हा सुईत दोरा ओवता येईना.

२३ ऑक्टोबर

लेकीचा फोन. म्हणाली, काल तुझ्याशी बोलून किती बरं वाटलं, बाबा गेल्यापासून तू एवढी हसली नव्हतीस.

काल मी तिला फोन केलेला नाही.

तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. पण तिचा आवाज इतका हलका झाला होता, आणि मी एवढ्या दिवसांत पोरीला एकदाही हसवलेलं नाही. जिने हसवलं तिच्याबद्दल काय विचारणार? शेवटी तीच म्हणाली, आज तुझा आवाज असा का येतोय, पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखा?

२७ ऑक्टोबर

काम सुटल्यावर दिसली ती.

वर दिवा लागला. गोल टेबलावरचा लोंबता दिवा. खाली मीच. माझाच निळा स्वेटर, पण त्याच्या कोपराला भोक नव्हतं. केस नीट बांधलेले, पाठ ताठ. टेबल पुसत होती. आधी कडेकडेने, मग मधे. मी पुसते तसंच.

जिना चढून गेले. दारावर माझं नाव, नवऱ्याच्या आडनावासकट. बेलवर बोट ठेवलं. आतून पावलं आली आणि दारापाशी थांबली. दाराला कान लावला तर श्वास ऐकू येईना. माझाही तिला ऐकू येत असेल का? इतक्यात खाली लक्ष गेलं. लख्ख फरशी, आणि तिच्यावर माझ्या बुटांचे चिखलाचे डाग. अंगाला ओल्या गोधडीचा वास. दार उघडलं तर अशी दिसणार होते मी. माझ्याच समोर.

वाकले, रुमालाने फरशी पुसली, आणि चोरासारखी उतरले.

१ नोव्हेंबर

आज लेक यायची होती. ठरवलं होतं, बस स्टँडवरच सगळं सांगून टाकायचं. हे बघ, आपलं घर म्हणजे ही गाडी. रागावली तर रागावू दे.

त्यातल्या त्यात बरी साडी काढली तर तिला बुरशीचे ठिपके. ते घासत बसले आणि उशीर झाला. पोचले तेव्हा पोर बसमधून उतरत होती. ती खिडकीतली आधीच उभी होती तिथे. लेकीने तिच्या गळ्यात हात टाकले. तिने माझ्या पोरीच्या डोक्याचा वास घेतला, मी लहानपणी घ्यायची तसा.

आणि मी तिकीटखिडकीच्या आड. ओरडले का नाही? लोक होते. काय म्हणून ओरडायचं होतं? त्या दोघींकडे बघून कोणीही सांगितलं असतं, खरी आई कोणती ते.

२ नोव्हेंबर

दुपारी फाळक्यावर बसले होते. लेक रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आली. हातात झाकणाचा डबा. वाटलं, ओळखलं.

म्हणाली, “मावशी, आईनं पाठवलंय. गरम आहे, खाऊन घ्या.”

मी तिच्याकडे बघत राहिले. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर आली आणि तशीच घसरून मागच्या दोरीवरच्या कपड्यांवर गेली.

“तुम्ही इथेच राहता का?” तिने हळूच विचारलं.

“नाही गं. कोणाची तरी वाट बघतेय.”

हे मी म्हटलं. मी. पोटच्या पोरीला.

तिने मान हलवली. आम्ही दोघींनी आत्ताच पोटभर खाल्लं, असं सांगून गेली. डबा उघडला. वाफ आली. आत तलावातली पानं, कुजलेली, काळी, शिजवलेली. वर मीठ भुरभुरलेलं.

४ नोव्हेंबर

लेकीला फोन लावला. तिनेच उचलला. म्हणजे त्या दुसरीनेच. म्हणाली, पिल्लू झोपलंय. त्या नावाने फक्त मी हाक मारते. तिचं कॉलेज बुडतंय म्हटलं. ती म्हणाली, आता कशाला जायचं, घर आहे ना इथे.

कामावर गेले. माझ्या मशीनवर ती. डॉक्टर उठून आले, आवाज खाली आणून म्हणाले, बाई, काय हवंय आपल्याला? अदबीनेच विचारलं त्यांनी. मालकीणबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं, कापडाचे गठ्ठे बाजूला ओढून घेतले.

माझी जागा आहे ती, एवढंच सांगायचं होतं — सगळी मशीनं थांबली होती — चुकून आले म्हटलं.

ती मागे वळलीच नाही. सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच झटक्यात ओवला.

६ नोव्हेंबर

लेक टेबलाशी बसलेली. सकाळीही तशीच. दुपारीही. आली त्याच कपड्यांत. दुसरी तिला चमच्याने भरवते. पोर तोंड उघडते.

गालफडं बसलीत तिची. खालूनही दिसतं.

तलावाच्या चौकीदाराकडे गेले. वर माझी मुलगी आहे, तिला सोडवा म्हटलं. त्याने वर पाहिलं. म्हणाला, ती आपल्या आईजवळ आहे, तुम्ही गाडी हलवा इथून. बोलताना नाकाला रुमाल लावला होता. मी दोन पावलं मागे सरले. त्याला त्रास नको म्हणून. अजून त्याला त्रास नको म्हणून —

८ नोव्हेंबर

झाडं उघडी पडली. आता वरून गाडी सरळ दिसते.

ती खिडकीत उभी राहते. माझ्याकडे बघते. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मी तलावावरच्या त्या बाईकडे — म्हणजे स्वतःकडे — आरशात बघते तेव्हा — कोण आहे ही —

लेकीचे केस गळताहेत. दुसरी विंचरते आणि गुंता खिडकीबाहेर सोडते. वाऱ्यावर येतो. टपावर पडला आत्ता. आवाज झाला नाही.

९ नोव्हेंबर

लेक खिडकीत. एकटी. हात हलवतेय. खाली — मला —

पुन्हा पाहिलं. मलाच. ओठ हलताहेत. आई म्हणतेय. ओळखलं तिने, ओळखलं गं माझ्या —

जाते. आत्ता जाते. कोणी काही म्हणो. दार फोडीन.

नुसतं तोंड धुते आधी. केस — हे केस असे — साडीला वास येतोय — इतक्या दिवसांनी आईला बघणार आणि अशी कशी जाऊ तिच्या —

नळाला पाणी नाही. ओल्या पानांनी पुसते — निघतच नाही —

वर पडदा ओढला जातोय. लेक नाही ओढत. तिचे दोन्ही हात काचेवर आहेत आणि —