विलायती फटफटी महांतप्पाच्या हवाली

त्या सकाळी मी अंगण सारवले, चूल पेटवली, भाकरी थापल्या आणि करडीच्या तेलाची वाटी घेऊन पडवीत बसले. १९५३ सालची खंडेनवमी होती. पाटावर पान्हे, हातोड्या, पकडी आणि फटफटीचे सुटे भाग मांडलेले होते. आमच्या घरी त्या दिवशी लोखंडाला तेल चोळतात, मग हळदकुंकू वाहतात. मी एकेक वस्तू उचलून चोळत गेले.

मी, धुरपदाबाई भ्रतार बब्रुवान पांचाळ, वय अदमासे अठ्ठेचाळीस, राहणार धाराशिव, सरकारी कागदात उस्मानाबाद, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्या दडपणाशिवाय हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या पोटातल्या गाठीला हात लावायला सोलापूरच्या डॉक्टरांनी नकार दिला. दिवाळी दिसेल असे वाटत नाही. मला मूलबाळ नाही.

कलम पहिले. माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर धाकटे दीर सिदू यांना मिळावे. त्याची अट कलम तिसऱ्यात आहे. "भावाला खाल्लं त्या गाडीनं, अन् तुमी तिलाच उरावर घिऊन बसलाव," असे तो मला भर बाजारात बोलला होता. त्याचा राग मी धरला नाही. भावाचे दुःख त्यालाही आहे.

कलम दुसरे. फटफटीविषयी. निजामाच्या अमदानीतला एक अंमलदार पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ती मागे टाकून गेला. ती एका गोठ्यात पडली होती. बसायच्या जागी कोंबड्या अंडी घालत. माझे यजमान आणि त्यांचे कामातले जोडीदार महांतप्पा यांनी दोन वर्षे खपून ती उभी केली. यजमान गेल्यावर ती चेपलेली घरी आली. सिदू भंगारात घालणार होता, मी घालू दिली नाही. यजमानांच्या पेटीत मोटारदुरुस्तीचे मराठी पुस्तक होते. मला अक्षर येत नव्हते. मार्तंड गुरुजींकडून बाराखडी घेतली, पुढचे माझे मी जुळवले. एक बोट चित्रावर, एक अक्षरावर. सहा वर्षांनी इंजिन बोलले. तेव्हापासून पहाटे तेरच्या रस्त्याने जाऊन येते. एकदा एसटीचा ड्रायव्हर गाडी हळू करून म्हणाला, "मावशी, आमचं डबडं बी बघा की जरा." मी म्हटले, "आधी तू खाली उतर, मग बघते."

कलम तिसरे. एकोणसाठ साली मी फटफटीचा ब्रेक बांधायला घेतला. पुस्तकात लिहिले होते, 'ब्रेकच्या पट्ट्यांस तेलाचा थेंबही लागू देऊ नये. लागल्यास पट्ट्या चाक धरीत नाहीत.' मी ते पाच वेळा वाचले. मला अजून नीट वाचता येत नसेल, अशी आशा होती.

त्रेपन्नच्या खंडेनवमीला त्या पट्ट्या पाटावर होत्या. दोन्ही चाकांच्या, नव्या, कोरड्या. त्यांना चमक येईना म्हणून मी दोनदा तेल दिले. पूजेनंतर वरचे तेल-कुंकू पुसून काढले. आत मुरलेले तसेच राहिले. दुपारी महांतप्पाने चाके बांधली. दसऱ्याला यजमान नव्या ब्रेकची परीक्षा घ्यायला म्हणून तुळजापूरचा घाट उतरले. तिसऱ्या वळणावरून खाली गेले.

प्रेतापुढे सिदूने महांतप्पाची गचांडी धरली. "नट आवळताना ध्यान कुठं होतं रं तुझं?"

"तीनदा आवळलाय, सिदूअण्णा."

"मग ह्यो कसा मेला?"

गावाने त्याच्या हाती वाहन द्यायचे बंद केले, आणि त्यानेही पान्हा धरायचा सोडला. आता तो तेरखेड्यात फटाक्यांचे कागद वळतो. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गंगम्मा मला आठवडी बाजारात भेटली. म्हणाली, "बाई, अजून झोपंत बोटं फिरवतेत. नट आवळल्यावानी." तेव्हा मला सगळे ठाऊक होते. मी कांदे घेतले आणि घरी आले.

म्हणून फटफटी, पान्हे आणि पुस्तक महांतप्पाला द्यावे. सिदूने त्याच्या दारात उभे राहून हे कलम मोठ्याने वाचावे, मगच घराची किल्ली घ्यावी. महांतप्पा, तुमच्या हाताचा दोष नव्हता. माझ्या हाताचा होता.

कलम चौथे. पितळी घागर शेजारच्या कस्तुराबाईला. फटफटीचा धूर वाळवणावर बसतो म्हणून ती भांडायची. तिचे बरोबर होते.

ठिकाण धाराशिव, तारीख १६ सप्टेंबर १९६२.
सही: धुरपदाबाई
साक्षीदार: १. मार्तंड कुलकर्णी, निवृत्त शिक्षक. २. बाबूराव गवळी, दूधवाले.

पुरवणी. सही करताना गुरुजी थांबले. म्हणाले, "धुरपदाबाई, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं. महांतप्पानं काही विचारलं, तर उत्तर कोण देणार?"

मी म्हटले, "म्हणूनच मेल्यावर."

गुरुजी सही करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फटफटी काढली, तेरखेड्याला गेले आणि महांतप्पाच्या दारात उभी राहून कलम तिसरे मीच वाचले.